हात न लावता

"हात लावावा लागणार नाही असं काही आहे का?"

वाद्यांच्या दुकानदाराने नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबून बासऱ्या-व्हायोलिनांपुढून असा अंग चोरून जाणारा माणूस हा पहिलाच. मग काय नाकाने वाजवणार का, असं त्याने हसत विचारलं. गिऱ्हाईक हसलं नाही. तेव्हा दुकानदाराने माळ्यावर धूळ खात पडलेली एक लाकडी पेटी खाली काढली. तिला उजवीकडे एक उभी दांडी आणि डावीकडे एक वाकवलेली कडी होती. याला थेरमिन म्हणतात, दुकानदार सांगू लागला. दांडीजवळ हात नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. कडीजवळच्या हाताने आवाज लहानमोठा करायचा. बोट ठेवायला तार नाही की पडदा नाही, सगळा हवेतला अंदाज. शिकताना नाकी नऊ येतील, असंही त्याने बजावलं.

"चालेल," गिऱ्हाईक म्हणालं.

हा माणूस इस्पितळाच्या शवागारात सव्वीस वर्षं कामाला होता. सोबतचे लोक त्याला थंडोबा म्हणत आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. आलेल्या माणसाला धुवायचं, पुसायचं, केस विंचरायचे, नातेवाइकांना बघवेल असं करून द्यायचं, हे काम तो मन लावून करी. दोन वर्षांपूर्वी त्याची स्वतःची एकोणीस वर्षांची मुलगी तापाने गेली आणि तिथेच आली. परक्या कुणाचा हात लागू नये म्हणून तिचं सगळं त्याने एकट्याने केलं. बायकोने एवढंच विचारलं, "तुमचे हात धजले कसे?" त्यानंतर तिने त्याच्या हातून पाण्याचा पेलासुद्धा घेतला नाही. ती मुलीच्या खोलीत निजायला गेली. भिंतीवरचं मुलीचं व्हायोलिन त्याने एकदा पुसायला काढलं, तर "त्याला हात लावू नका" म्हणाली. त्याने ते परत टांगलं.

मुलगी शेवटी शिकत होती तो आलाप त्याला वाजवायचा होता, बाकी काही नाही. मांजराच्या रडण्यातून सूर निघायला आठ महिने लागले. संध्याकाळी कामावरून आला की आंघोळ करून तो त्या पेटीपुढे उभा राही. पेटी प्लायवुडच्या पार्टिशनला लागून होती आणि पार्टिशनच्या पलीकडे मुलीची खोली.

सूर लागायला लागले आणि तेव्हाच ते सुरू झालं. षड्ज नीट जुळवावा, आलाप धरावा, आणि हात जागच्या जागी असताना सूर आपोआप चढावा. एकदा नाही, रोज. सव्वीस वर्षं मेलेल्यांत वावरून ज्याने कधी भूतखेत मानलं नव्हतं, त्याच्या अंगावर आता काटा उभा राहू लागला. आपल्यामागून तिथलं कोणीतरी घरी येतं, असं त्याला वाटे. मग एके दिवशी मनात आलं, तीच असेल. त्या दिवसापासून त्याला भीती वाटे तशी ओढही लागली. सूर चढला की तो श्वास रोखून उभा राही.

शेवटी सहन होईना तेव्हा तो पेटी घेऊन दुकानात गेला आणि दुसरं काही वाद्य द्या म्हणाला. दुकानदाराने पेटी उघडून पाहिली. बिघाड कसलाच नव्हता. घरी कुठे ठेवता, असं त्याने विचारलं आणि ऐकून मान डोलावली.

"मग पलीकडे कोणीतरी अगदी जवळ येऊन उभं राहत असणार. हिला फक्त तुमचाच हात कळतो असं नाही. मधे लाकूड असलं तरी जवळचं कुठलंही अंग कळतं."

"कुणाचंही?"

"जिवंत माणसाचं. भुताने सूर चढत नाही हो," दुकानदार म्हणाला.

पेटी उचलून तो बाहेर पडला. मुलगी दुसऱ्यांदा गेली असं त्याला वाटलं. कोपऱ्यापर्यंत तो तसाच चालत राहिला आणि मग त्याला बायको आठवली.

त्या संध्याकाळी त्याने आलाप धरला. थोड्या वेळाने सूर चढला. या वेळी तो थांबला नाही. त्याने हात बोटभर मागे घेतला आणि सूर जागेवर आणला. सूर पुन्हा चढला. ती पार्टिशनला टेकली असावी. त्याने हात आणखी मागे घेतला. ती जवळ येत राहिली, तो मागे सरत राहिला, आणि सूर ढळला नाही. मुलगी गेल्यापासून दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम.

पलीकडून तिचा आवाज आला.

"पाणी गार होतं का हो?"

कुठलं पाणी, हे त्याला विचारावं लागलं नाही. डाव्या हाताने त्याने आवाज बारीक केला.

"तिथल्या नळाला गारच येतं. मी चहाच्या शेगडीवर तापवून घेतलं. मनगटावर बघितलं आधी. तू तिच्या आंघोळीला बघायचीस तसं."

पलीकडे ना रडणं ऐकू आलं, ना पावलं. ती गेली की आहे, हे कळायला त्याच्यापाशी आता एकच खूण होती. सूर उतरला नव्हता. खांदा भरून आला होता, तरी त्याने हात खाली घेतला नाही.