दोनशे डब्यांची शक्ती

बुधवारची संध्याकाळ होती. सहाला पाच मिनिटं कमी असताना शहापूरच्या मागच्या आळीत एकही पितळी परात मांडणीवर उरली नव्हती. सगळ्या पराती पाण्याने भरून टीव्हीपुढे ठेवल्या होत्या आणि त्यांत पाय बुडवून माणसं उभी होती. लीलाबाईच्या एवढ्याशा खोलीत सतरा जण कोंबले होते. त्यातले ख्रिस्ती चार, बाकी सगळ्या धर्मांचे. दुखणं सगळ्यांनाच होतं, त्यामुळे धर्माची चौकशी कोणी करत नव्हतं.

पडद्यावर ब्रदर अनुप आले. पांढरा सफारी, काळे जाडजूड बूट, डोळे अर्धे मिटलेले.

"प्रियांनो! प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. तुमचे पाय पाण्यात आहेत ना? आता टीव्हीखालच्या डब्यावर उजवा हात ठेवा. मी इथून शक्ती सोडतो आहे. तार तुमच्या घरापर्यंत पोचली आहे, प्रियांनो! जेवढे विश्वासी वाढतील, तेवढी शक्ती वाढेल!"

लीलाबाईने डब्यावर हात ठेवला आणि किंचाळली. "आली वो माय! कोपरापर्यंत मुंग्या आल्या!"

मग एकेकाचा नंबर लागला. कोणी रडलं, कोणी हसलं, एका म्हाताऱ्याने तर काठी फेकली आणि दोन मिनिटांनी गुपचूप उचलून घेतली.

चर्चच्या मागच्या खोलीत, यंत्रांच्या कपाटापुढे बसलेली रश्मी हे सगळं लीलाबाईच्या घरून आलेल्या फोनवर ऐकत होती. 'आशादीप' वाहिनी तीच चालवायची. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पाळक कृष्णराव यांनी ही वाहिनी एका जुन्या कॅमेऱ्यावर सुरू केली होती. साठ घरांत केबल जायची. भजनं, रविवारची उपासना आणि लग्नाच्या शुभेच्छा, बस. रश्मीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि यंत्रं तिच्या हाती आली. यंदा वाहिनी डिजिटल झाली. नवी खोली, नवं कपाट, घरोघरी टीव्हीखाली पत्र्याचे चकचकीत सेट-टॉप डबे. साठ घरांची दोनशे झाली ती मात्र ब्रदर अनुप आल्यापासून. दोन महिन्यांपूर्वी नागपूरकडून एक दिवसाच्या प्रवचनाला म्हणून आलेला हा माणूस अजून मुक्कामाला होता.

रश्मीला आधी गंमत वाटली. मग तिच्या घरातच ते शिरलं.

तिच्या धाकट्या बहिणीला, तृप्तीला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन कुठेही अडकतात आणि मग हाडं ठणकतात. रोजची गोळी, भरपूर पाणी आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यातली तपासणी, एवढ्यावर पोरगी अकरावीपर्यंत नीट आली होती. त्यांच्या आईने, पुष्पाबाईने, तीन आठवड्यांपूर्वी गोळ्या बंद केल्या.

"माय, काहून बंद केल्या तू?"

"ब्रदर म्हणले, गोळी खाते मंजे विश्वास कमी हाय. आन् मले खोटं नोको सांगू, मी सोता हात ठेवला. मुंग्या आल्या मले. गोळी खाऊन कधी आल्या का मुंग्या?"

मुंग्या तर दोनशे घरांत येत होत्या. शिक्षक, दुकानदार अशा फरशीवर चपला घालून उभ्या राहणाऱ्यांना तेवढ्या येत नसत. त्यावर ब्रदरचं उत्तर तयार होतं: "गर्विष्ठाला स्पर्श होत नाही, प्रियांनो." बिचारे पाळक कृष्णराव पायात कायम चपला घालायचे. त्यांनाही काही जाणवलं नव्हतं. चाळीस वर्षं प्रार्थना करून आपलीच श्रद्धा आटली की काय, या भीतीने ते हल्ली कोणाशी धड बोलत नव्हते.

येत्या रविवारी ब्रदर तृप्तीला मंचावर घेणार होते. पाय पाण्यात, दोन्ही हात डब्यावर, थेट प्रक्षेपण. त्याआधी तीन दिवस कडक उपास, पाण्याचा घोटही मोजून.

गुरुवारी दुपारी तृप्ती पाय पोटाशी घेऊन पडली होती. "ताई, मांड्या लय दुखून राहिल्या. पन मायले नोको सांगू. ते रडते."

या मुंग्या आहेत तरी कसल्या, हे बघायला रश्मीने चपला काढल्या, शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर उभी राहिली आणि डब्यावर बोट टेकवलं.

झटका बसला. मुंग्या नव्हे, चांगला झटका. हा झटका तिला ओळखीचा होता. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत असाच एकदा बसला होता. मागच्या महिन्यात तिने याच डब्याला हात लावला होता तेव्हा नुसतं गुदगुल्यांसारखं वाटलं होतं. म्हणजे हे वाढत होतं.

ती तशीच निघून जागेश्वरकाकांकडे गेली. काका चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत तीस वर्षं वायरमन होते, आता शहापुरात वांगी लावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"अर्थिंग कुठं हाय तुमचं?"

रश्मीला मंचामागची भिंत आठवली.

चर्चमागे अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा होता आणि त्यातून तांब्याची पट्टी भिंतीवर चढत यंत्रांपर्यंत येत होती. नव्या मंचामागची तीच भिंत निळी रंगवली, क्रूस लावला, तेव्हा ती काळपट पट्टी कॅमेऱ्यात फार वाईट दिसायची. रश्मीनेच रंगाऱ्याला सांगितलं होतं, "कापून टाक, दुसरीकडून घेऊ नंतर." ते नंतर कधी आलंच नाही.

"पोरी," काका हळू आवाजात म्हणाले, "खाणीत अर्थिंग तुटलं असलं तं आमी पाळीत उतरत नव्हतो. एका डब्यातून झिरपते तो करंट चिमूटभर. त्यानं मानूस मरत नाई. पन तुमचे दोनशे डबे एकाच केबलीच्या जाळीले बांधून हायेत. पयले सगळ्यांचं झिरपलेलं जमिनीत जात होतं. आता जाले वाटच नाई. जो ओल्या पायानं डबा धरन, तोच वाट. ब्रदर म्हनते ना, विश्वासी वाढले की शक्ती वाढते? बरोबरच म्हनते. डबे वाढले."

"आणि रविवारी, काका? तृप्तीचे पाय पाण्यात..."

"तिले डब्याजवळ नोको जाऊ देऊ," काका म्हणाले.

"मी आत्ता जाऊन वायर जोडते."

"जोड. पन गुपचूप जोडशीन तं ब्रदर म्हनन, तुमच्या पापानं शक्ती गेली. तुझी माय गोळ्या सुरू करन का?"

नाही करणार, हे रश्मीला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर गावापुढे 'पट्टी मी कापली' असं म्हणायची तिला भीती वाटत होती. नोकरी जाईल, लोक अंगावर येतील. तरी त्याच दिवशी तिने पाळकसाहेबांना गाठून सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने आधी आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे ते माझ्या चपलांमुळं होतं?" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ब्रदर दौऱ्यावर असताना तिघांनी खड्ड्यात पाणी घातलं आणि तिथून टोकाला चिमटा असलेली हिरवी वायर मंचाखालपर्यंत आणली, पण जोडायची ती गावासमोरच, असं ठरवलं. डबे रविवारपर्यंत त्यांनी बंदच ठेवायला लावले. दुरुस्ती आहे, एवढंच गावाला कळवलं.

रविवारी चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. दोनशे घरांत टीव्ही आणि डबे चालू झाले होते. मंचावर घमेल्यात पाणी, टेबलावर डबा. तृप्तीला दोन बायकांनी धरून आणलं. तिचे ओठ सुकले होते आणि पाऊल टाकताना ती दात आवळत होती.

"या, बेटी!" ब्रदर गरजले. "आज डॉक्टरांची पुस्तकं खोटी ठरतील!"

रश्मी मंचावर चढली. तिने हिरव्या वायरचा चिमटा डब्याला लावला. मग तिने चपला काढल्या, स्वतः पाण्यात उभी राहिली आणि डब्यावर दोन्ही हात ठेवले.

काही झालं नाही.

खालून कोणाचा तरी फोन वाजला, मग दुसरा, तिसरा. "शक्ती गेली म्हनते! घरी कोनालेच येऊन नाई राहिली!"

"सैतान!" ब्रदर ओरडले. "या मुलीच्या अविश्वासाने तार तुटली!"

"तुटली नाई, जोडली," जागेश्वरकाका म्हणाले आणि झिरोचा बल्ब घेऊन मंचावर आले. पाळकसाहेबांनी माईक हाती घेतला. "घरी बसलेल्यांनो, डब्यावरचे हात काढा. दूर व्हा. मी तुमचा पाळक सांगतो आहे."

रश्मी पाण्यातून बाहेर आली, चपला घातल्या आणि चिमटा काढला. काकांनी बल्बची एक वायर डब्याला आणि दुसरी त्या हिरव्या वायरीला लावली. बल्ब मंद पिवळा पेटला. चिमटा लावला की विझे, काढला की पेटे.

"आता सांगा," काका ब्रदरकडे वळले, "या बल्बाचा विश्वास कोनावर हाय?"

कोणी हसलं नाही. पुष्पाबाई पहिल्या रांगेत उभी राहून त्या बल्बाकडे बघत होती.

"अजून एक," रश्मी म्हणाली. "ब्रदर, दोन महिन्यांत तुम्ही या मंचावर एकदाही बूट काढले नाहीत. बाकी सगळ्यांना अनवाणी केलंत. काढा आता, पाय पाण्यात घाला आणि डब्याला हात लावा. तुमच्यावर तर सर्वात जास्त कृपा आहे."

ब्रदरने खाली आपल्या रबरी तळांकडे पाहिलं. "मी परीक्षा देत नसतो," असं काहीसं पुटपुटत तो दोन पावलं मागे सरला. डब्यात काय आहे हे त्याला आधीपासून ठाऊक होतं, हे त्या दोन पावलांनी सगळ्यांना सांगितलं. मागच्या दाराने तो निघून गेला तेव्हा त्याला अडवायचंही कोणाला सुचलं नाही.

मग रश्मीने कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि पट्टी कोणी कापली ते सांगितलं. शिव्या पडल्या. लीलाबाई तर तिच्या अंगावर धावून आली. "मारून टाकलं असतं तू आमाले!" रश्मी म्हणाली, "हो. टाकलं असतं."

पुष्पाबाई मंचावर आली. तृप्तीचा हात हातात घेतला, कपाळ चाचपलं. "केवढा ताप हाय पोरीले," ती म्हणाली, आणि मग एकदम फुटली. "उभे काय राहिले तुमी? ऑटो आना ना कोनी!"

भंडाऱ्याला सलाईन लागलं, रक्त चढलं. दोन दिवस रश्मी आणि तिची आई खाटेच्या दोन बाजूंना बसून होत्या. तिसऱ्या दिवशी तृप्तीने भात मागितला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अजून एक-दोन दिवस उपास आणि तहान चालली असती, तर पोरगी वाचली नसती, शक्तीच्या झटक्याचीही गरज पडली नसती. पुष्पाबाईने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून आपल्या हाताने तिला एक दिली.

पुढच्या बुधवारी सहा वाजता रश्मी स्वतः कॅमेऱ्यापुढे बसली. शेजारी पाळकसाहेब होते.

"तुमच्या हाताला मुंग्या आल्या, ते खरं होतं," ती म्हणाली. "तुम्ही मूर्ख नव्हता. मुंग्या कशाने येतात, हे मात्र आपण कोणीच विचारलं नाही. मी तर हेच शिकलेली, मीही नाही विचारलं. प्रार्थना करा, नका करू, तो तुमचा प्रश्न आहे. पण औषध बंद करा असं कोणी सांगितलं, मग तो कोणत्याही धर्माचा असो, अगदी या वाहिनीवरून बोलत असो, तर त्याला तोंडावर विचारा, काहून? आणि त्याचं उत्तर पटेपर्यंत गोळी चालू ठेवा."