शेड नंबर चार

आमच्या लेकीने, इनायाने, जेवताना खरं सांगितलं आणि तिथेच ती फसली.

ऑफिसच्या चार मैत्रिणींबरोबर फेब्रुवारीत जॉर्जियाला जायचं, दोन दिवस बर्फातून डोंगर चढायचा, असा बेत होता. तिच्या अब्बांनी, म्हणजे आमच्या याकूबमियांनी, जवळजवळ होकारही दिला होता. मग बाईसाहेब हुशारी दाखवायला गेल्या. कधी कधी नव्या बर्फाखालचा जुना थर साखरेसारखा सुटा होतो, वरचा कडक थर त्यावरून घसरतो आणि अख्खा उतार खाली येतो, असं तिने समजावून सांगितलं.

अब्बांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "साखर? मग नाही जायचं."

"अब्बा, इट्स सेफ. गाइड असतो," ती म्हणाली.

दुसरा कोणी बाप असता तर मी भांडले असते. पण हा माणूस बावीस वर्षं इथे आखातात, रास अल खोरच्या साखरेच्या गोदामात फोरमन आहे. तिथे सुट्ट्या साखरेचे ढीग छतापर्यंत जातात. असाच एक ढीग कोसळून माझा भाऊ उझैर कमरेपर्यंत गाडला गेला होता. भाऊ सुखरूप निघाला, त्याची एक चप्पल मात्र कधी सापडली नाही. आमच्या घरात कशाचीही चेष्टा चालते, ढिगाची नाही.

तीन दिवस पोरगी तोंड फुगवून बसली. मला दोघांचाही राग आला होता. शेवटी मीच म्हटलं, तिला एकदा तुमचा ढीग दाखवा आणि मग काय ते ठरवा.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं शेड नंबर चारमध्ये गेलो. दमट हवेने ढिगावर कडक पापुद्रा धरला होता. अब्बांनी आम्हाला लांब उभं केलं आणि लांब दांड्याच्या फावड्याने पायथ्याशी जरासं उकरलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग वरचा पापुद्रा तडकला आणि ढिगाची अख्खी बाजू सळसळत खाली आली. व्हिडिओ काढायचं इनायाच्या लक्षातच राहिलं नाही.

मग त्यांनी तिला गोदामाचा कायदा सांगितला. ढिगाखालून एका वेळी एकानेच जायचं आणि बाकीच्यांनी बाजूला उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची. त्याआधी खालची साखर मुठीत घेऊन बघायची.

"बोटांतून वाहिली तर खलास," ते म्हणाले. "मॅनेजर यल्ला यल्ला करून घाई करत असला तरी मागे फिरायचं. लाजायचं नाही."

तिने कबूल केलं, तेव्हा कुठे अब्बांनी होकार दिला आणि ती गेली.

चढाईच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळपासून फोन नाही. मी डाळ करपवली. ह्यांनी एकच कपाट तीनदा आवरलं.

दुपारी तिचा व्हिडिओ आला. उताराच्या तोंडाशी तिने बर्फात खड्डा खणला होता आणि तळाचा बर्फ तिच्या बोटांतून भुरुभुरु वाहत होता. मैत्रिणी निघायची घाई करत होत्या. आपली बाई जागची हलली नाही. शेवटी गाइडने स्वतः मूठभर बर्फ घेऊन पाहिला आणि सगळ्यांना माघारी वळवलं.

पाठोपाठ तिचा फोन आला. खाली हॉटेलात चहा पिताना त्यांनी खिडकीतून तोच उतार कोसळताना पाहिला होता. मी सरळ रडायला लागले, म्हणून फोन ह्यांनी घेतला. मूठभर बर्फाची युक्ती अब्बांनी शिकवली, असं तिने गाइडला सांगितलं होतं.

"अब्बा, गाइड इज आस्किंग," ती म्हणाली, "विच माउंटन आर यू फ्रॉम?"

ह्यांनी घसा खाकरला, शर्टाची कॉलर नीट केली.

"सांग त्याला, रास अल खोर. शेड नंबर चार."