गळ्याचं माप

काजं करणारी मावशी शिलाईच्या दुकानात भरदुपारी मेली. पाठीत कात्री, अंगात चौकड्यांचा शर्ट. मास्तर कापड आणायला गेले होते, तिथंच शिवणारी ताई कपडे पोचवायला. पोलिसांनी मावशीच्या नवऱ्याला धरलं. भांडखोर होता, तेवढं पुरलं.

तेव्हापासून ताईचं मशीन चाले, मन चालेना. खिडकीजवळचं मशीन तिचं. मावशी त्या दिवशी उजेडासाठी तिथं बसलेली. तापात केस गळाले म्हणून डोकं भादरलेलं. आणि तो शर्टही ताईचाच. घरच्यांच्या लेखी ती मुलगा होती, तेव्हा वडिलांनी घेतलेला, इतकी वर्षं पेटीत पडून होता. त्या सकाळीच तिनं तो मावशीला देऊन टाकला. मावशी हसली होती, म्हणाली, हा घातला तर माझाच नवरा मला भाऊ म्हणेल.

आज एक माणूस शर्ट शिवायला आला. ताईनं वर पाहिलं. तिचा थोरला भाऊ. ती घर सोडून निघाली तेव्हा उंबऱ्यातून ओरडला होता, घराचं नाक कापलंस, दिसशील तिथं संपवीन.

त्यानं तिची वेणी पाहिली, कानातले डूल पाहिले. नजर पुढं सरकली. ओळख पटली नव्हती.

माप घेणाऱ्यानं आकडा मोठ्यानं सांगायचा, मास्तरांनी खडूनं लिहायचा, ही दुकानाची रीत. ताईनं खांदा मोजला, कुजबुजली. छाती मोजली, कुजबुजली. रूप पालटलं, चाल पालटली, आवाज तेवढा जुनाच राहिला होता. मास्तर वैतागले, घशात बोळा कोंबलाय का म्हणाले. उसवलेली पँट शिवून घ्यायला दाराशी बसलेला हवालदार हसला.

भावानं सहज विचारल्यासारखं मास्तरांना विचारलं, "त्या दुपारी खिडकीपाशी चौकड्यांच्या शर्टात एकजण शिवत होता. लोक म्हणतात बाई मेली. मग तो कुठाय?"

मास्तर म्हणाले, इथं पुरुष मी एकटाच.

ताईला कळलं. पाठमोऱ्या मावशीत त्यानं तिलाच पाहिलं होतं. बहीण त्याला कधी दिसलीच नव्हती. मारायला आला, तोही भावालाच.

गळ्याचं माप राहिलं होतं. गप्प राहिली तर तो जाईल, ती वाचेल, मावशीचा नवरा मात्र कोठडीत सडेल. बोलली तर? टेबलावर दुसरी कात्री होती, त्याच्या हाताशीच.

तिनं टेप त्याच्या गळ्याभोवती फिरवली. मग घरी बोलायची त्या आवाजात, मोठ्यानं म्हणाली, "दादा, तो शर्ट मी त्याच सकाळी तिला दिला होता. त्याआधी इथं तो कुणी पाहिलाच नव्हता. त्यात तिला शिवताना पाहिलं, ते फक्त मारणाऱ्यानं."

टेपखाली त्याचा गळा हलला. तो वळला, तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्याचा हात कात्रीकडे गेला.

ताईनं डोळे मिटले. टेप सोडली नाही. दाराशी हवालदार उठला, त्याचं स्टूल धाडकन पडलं.