सिलिकेटची बरणी

१९६३ सालच्या मे महिन्यात, फरिदाबादच्या दोन खोल्यांच्या घरात चंद्रप्रभाने बरणीचं झाकण उघडलं आणि तिला भडभडून ओकारी आली.

बरणीत उल्कासाठी ठेवलेली अंडी होती. चार वर्षांच्या उल्काला छातीचा क्षय झाला होता. रोज अंडं द्या, नाहीतर पोर हातची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या काळी तिकडे उन्हाळ्यात चांगल्या अंड्याची मारामार, आणि फ्रिज कुणाकडे असणार! पण तिचा नवरा विनायक सोडियम सिलिकेटच्या कारखान्यात केमिस्ट होता. वाळू आणि सोडा भट्टीत वितळवून काच करायची, ती वाफेच्या दाबाखाली पाण्यात विरघळवायची, की काकवीसारखा दाट, चिकट द्रव तयार. बोटावर वाळला तर काचेचा पापुद्रा धरायचा. होळीच्या सुमारास त्याने तो डब्यातून आणला आणि उकळून गार केलेल्या पाण्यात कालवला.

"कवचाची छिद्रं बुजतात याने. उन्हाळा निघेल बघ."

आता बाजारात अंडी मिळेनाशी झाली म्हणून पहिल्यांदा बरणी उघडली, तर त्या पाण्यावर काळंहिरवं काहीतरी फुटून तरंगत होतं.

"धुतली होतीस?" विनायकने विचारलं.

"छे हो! तुम्हीच बजावलं होतंत ना, बिल्कुल धुवायची नाहीत म्हणून?"

दारात विनायकची आई, माई, उभ्या होत्या. अंड्याचं नुसतं नाव निघालं तरी चूळ भरणारी बाई.

"मी धुतली. बरणीत घालायच्या आधी, ही पोरीला घेऊन दवाखान्यात गेली होती तेव्हा. काथ्याने घासून. कोंबडीची घाण होती रे त्यांना. पोरीच्या पोटात गेली असती."

"अगं माई, कवचावर पातळ साय असते, तीच खरवडलीस! ओल आत गेली. सिलिकेटने सगळी घाण आत कोंडली."

"मला काय ठाऊक? जन्मात पहिल्यांदा हात लावला मी त्याला."

चंद्रप्रभाला शिसारी आली. त्या लिबलिबीत पाण्याची, की काथ्या धरलेल्या त्या बोटांची, तिचं तिलाच कळेना.

"तुम्हीच टाका जाऊन," ती म्हणाली. सून असून म्हणाली.

माईंनी बरणी उचलली. दुसऱ्या दिवसापासून त्या भर उन्हात गल्लीपलीकडच्या सरदारणीच्या खुराड्यापाशी जाऊन बसू लागल्या. ताजं अंडं पदरात घेऊनच परतायच्या.

उल्का बरी झाली. ती आता दिल्लीत द्वारकेला असते, आजी झाली आहे. विनायक त्याच कारखान्यातून रिटायर झाला आणि वर्षभरात गेला. चंद्रप्रभा लेकीकडे राहते.

माई बहात्तर साली गेल्या. बरणीच्या त्या दिवसानंतर त्यांच्या हातची पोळी चंद्रप्रभाच्या घशाखाली उतरली नव्हती. तिने तोंडाने कधी म्हटलं नाही; माईंना कळलं. त्यांनी पोळपाट-लाटणं तिच्याकडे सरकवलं, ते परत घेतलं नाही. भूक लागली तरी अखेरपर्यंत त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून राहायच्या, कुणी वाढेपर्यंत.