डाव्या बटणाची रेघ

पुष्करनं मंजुनाथच्या नावावर क्लिक केलं आणि पडद्यावरच्या बाकीच्या तेरा रेघा नाहीशा झाल्या. उरली ती एकच, निळी. महिनाभर ती बऱ्यापैकी सरळ चालत आली होती आणि एक जुलैला सकाळी साडेनऊ वाजता एकदम खाली येऊन तळाला टेकली होती. तिथून दोन तास दहा मिनिटांनी ती संपत होती. पुढे मंजुनाथच्या नावावर एकही नोंद नव्हती, कारण त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेली होती.

"सापडलं?" मागून गुरुप्रसादनं विचारलं.

गुरुप्रसाद बेंगळुराच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्याचा मॅनेजर. घराणं चार पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून बेंगळुरात आलेलं. दिवसभर कानडीत बोलणारा हा माणूस यंत्रांची आकडेवारी सांभाळायला पुण्याहून आलेल्या पुष्करशी मात्र आवर्जून मराठीत बोलायचा.

"सापडलं, सर. बटण बांधलेलं होतं."

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच वरचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, खाली येतो. हात बटणांवर असले की ते डायखाली नसतात, एवढंच त्यातलं शहाणपण. पण डावं बटण दाबून बांधून टाकलं की एक हात पत्रा सरकवायला मोकळा होतो आणि काम झपाट्यानं उरकतं. पुष्करच्या पडद्यावरची रेघ म्हणजे ते डावं बटण तासाला किती वेळा दाबलं गेलं, याची मोजणी होती. बांधलेल्या बटणाची मोजणी शून्य.

"म्हणजे त्यानंच बांधलं," गुरुप्रसाद म्हणाला. "तीन वाजता चौकशी आहे. मुख्य कचेरीतून महानंदा मॅडम येतायत. एवढा एकच ग्राफ छापून आण. बाकी पसारा नको."

"मग त्यांचं काय होणार?"

"सुरक्षेचं साधन मुद्दाम निकामी केलं तर नोकरी जाते. नियम आहे. मला आनंद होतोय का त्याचा? पण विचारलंय तेवढंच उत्तर द्यायचं, पुष्कर."

तो गेला. पुष्करनं छपाईची खूण दाबायला हात नेला आणि थांबवला. कुठलाही ग्राफ हातावेगळा करण्याआधी एकदा सगळा पसारा मांडून बघायची त्याची जुनी खोड होती. त्यानं मंजुनाथच्या नावावरची निवड काढून टाकली.

चौदाच्या चौदा रेघा तळाला टेकल्या होत्या. पंगतीत एकेक जण मांडी घालून बसत जावा तशा त्या पाठोपाठ खाली आल्या होत्या. पहिली अकरा जूनला, त्यानंतर दोन तेराला, मग रोज एखादी. सगळ्यांत शेवटी मंजुनाथची. ही नोंद गेलं वर्षभर यंत्रात पडून होती. प्रेसवर बसवलेले सेन्सर ठोक्यांबरोबर, म्हणजे डाय किती वेळा खाली आला त्याबरोबर, बटणंही मोजत होते, पण बटणांचं कुणी कधी विचारलं नाही आणि पुष्करनं ती कधी मांडली नाहीत. त्यानं मांडले ते फक्त ठोके.

अकरा जूनच्या आधी काय घडलं होतं, हे त्याला आठवावं लागलं नाही. तरी त्यानं नऊ जूनवर एक उभी रेघ ओढली आणि तिच्याकडे बघत राहिला.

नऊ जूनला कारखान्याच्या भिंतीवर त्याचा फलक लागला होता. कामगार त्याला टीव्ही म्हणायचे. चौदा नावं, प्रत्येकापुढे तासाचे ठोके, वरची पाच हिरवी, खालची तीन लाल. नावांचा क्रम दर मिनिटाला बदलायचा. रंगांची कल्पना पुष्करची होती. गुरुप्रसादनं त्या दिवशी सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला होता.

तो उठून प्रेसच्या रांगेकडे गेला. बसवंतअण्णा चिंधीला हात पुसत होते. निपाणीकडचा माणूस, मंजुनाथच्याच गावाकडचा, कामगारांत वयानं सगळ्यांत मोठा.

"अण्णा, बटण सगळ्यांनीच बांधलं होतं?"

बसवंतअण्णांनी चिंधी घडी करून बाजूला ठेवली. "तुम्ही इचारताय म्हंजे कळलंयच की तुमास्नी."

"मंजुनाथनं सगळ्यांत उशिरा का बांधलं?"

"त्यो शाणा व्हता. नऊ दिस लाल ऱ्हायला, पर हात लावला न्हाई बटणाला. जेवायच्या लाइनीत लाल नावाची माणसं शेवटाला उभी ऱ्हायची. कुणी सांगितलं न्हवतं, चेष्टेत सुरू झालं. सांबार तळाला जायचं तवर. केंपू म्हंजे लाल, म्हणून सगळे त्याला केंपण्णा म्हणाया लागले. मी बी म्हणायचो."

"त्यांना राग नाही आला?"

"हसायचा. पर येका दिशी बायकू आलती, गेटवर डबा घिऊन. वॉचमननं तिच्यासमूर हाक मारली. केंपण्णा, तुझी बायकू आलीया. तवा न्हाई हसला." अण्णांनी प्रेसकडे पाहिलं. "दुसऱ्या दिशी सकाळी बटण बांधाया माझ्याकडं टायरच्या ट्यूबचा तुकडा मागितला त्यानं. मी दिला."

पलीकडची प्रेस धडधडत होती.

"नावं देणार काय आता सगळ्यांची?" अण्णांनी विचारलं.

पुष्कर आपल्या पडद्याकडे परतला. खुर्चीवर बसून त्यानं आधी एक जुलैच्या सकाळचा फलक मिनिटामिनिटानं पुढे सरकवून पाहिला. मग चौदा रेघांचा ग्राफ उघडला, सगळ्या रेघा अपघाताच्या मिनिटाला थांबवल्या आणि त्यावरची नावं काढून टाकली. सगळ्या रेघांना एकच करडा रंग दिला. नऊ जूनच्या उभ्या रेघेखाली मात्र त्यानं नाव टाइप केलं, ते टाइप करताना दोनदा चुकलं.

तीन वाजता महानंदा मॅडमनी कागद हातात घेतला. चष्मा लावला.

"यात मंजुनाथ कुठला?"

"यातला कुठलाही असू शकतो, मॅडम. सगळ्यांनी बटण बांधलं होतं."

"ही उभी रेघ कसली?"

"त्या दिवशी फलक लागला. त्याच्या आधी एकाचंही बटण बांधलेलं नाही." पुष्करनं टेबलाच्या कडेला हात ठेवला. "तो फलक मी तयार केला. म्हणून खाली माझं नाव आहे."

गुरुप्रसाद त्याच्याकडे बघत होता. एकच ग्राफ सांगितला होता आणि यानं एकच आणला होता, त्यामुळे रागवायलाही जागा नव्हती. त्यानं कागद आपल्याकडे ओढला, बराच वेळ वाचला आणि खिशातलं पेन काढून टेबलावर नुसतंच ठेवलं.

"फलकाच्या मंजुरीवर सही माझी आहे," तो म्हणाला.

मॅडमनी पाच वाजेपर्यंत सगळ्यांना बसवून ठेवलं. मंजुनाथला गोदामात बसून करायचं काम द्यायचं ठरलं. फलक उतरवायचा ठरला. पुष्करचं काय करायचं, ते पुढच्या सोमवारी ठरवू म्हणाल्या.

तिथून तो रिक्षानं थेट दवाखान्यात गेला. मंजुनाथ खाटेवर उशीला टेकून बसला होता. डाव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. त्याची बायको भाग्यलक्ष्मी स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती. पुष्करला बघून ती उठायला लागली, त्यानं हातानंच नको म्हटलं.

"नोकरी राहिली तुमची," तो म्हणाला. "गोदामात. बसून काम आहे."

"सरी, बरं सर," मंजुनाथ म्हणाला. भाग्यलक्ष्मीनं पदरानं डोळे पुसले आणि मोसंब्याच्या फोडी बशीत मांडल्या. पुष्करला आणखीही काही सांगायचं होतं. वाटेत त्यानं ते मनात जुळवलं होतं, पण भाग्यलक्ष्मीनं बशी पुढे केली आणि त्यानं एक फोड उचलली.

"सर, येक इचारू?" मंजुनाथ म्हणाला.

"विचारा ना."

"त्या दिशी मी हिरव्यात आलतो काय? मला वर बघायला सवडच गावली न्हाई."

पुष्करनं ते पाहिलं होतं. अकरा छत्तीसला मंजुनाथचं नाव हिरवं झालं होतं आणि अकरा चाळीसपर्यंत हिरवंच होतं. नाही म्हणून टाकावं, असं त्याला फार वाटलं.

"आला होतात," तो म्हणाला. "पाचवा नंबर."

मंजुनाथनं मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"ऐकलंस न्हवं?" तो तिला म्हणाला.