कारखान्यात हाय, परमनंट

वाघजाईवाडीत एक नियम आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण ग्रामपंचायतीच्या सगळ्या ठरावांपेक्षा जास्त पाळला जातो. मुलीकडचं माणूस चौकशीला आलं की मुलाबद्दल वाईट बोलायचं नाही. मुलगा पीत असला तरी नाही, त्याच्या बापाशी आपली बांधावरून कोर्टकचेरी चालू असली तरी नाही. कुणाचं जुळत आलेलं लग्न मोडणं हे पाप, असं इथं मानतात. बाकीच्या पापांबद्दल गावाचं मत इतकं पक्कं नाही.

नव्वद सालानंतर या नियमाला काम वाढलं. पोरं शिकली. कुणी बी.ए. झालं, कुणी आयटीआय केलं. शिकल्यामुळं ती शेतात जाईनात आणि नोकरी तर कुठं दिसेना. तिशीला टेकलेली पोरं पारावर बसून कालचा पेपर आज वाचायची. मुलीकडचे येऊन विचारायचे, ‘मुलगा काय करतो?’ त्यावर गावानं एकच उत्तर ठरवून टाकलं होतं : ‘कारखान्यात हाय, परमनंट.’ सगळ्यांना एकच उत्तर असलं की चुकायची भीती नाही. ती सगळी पोरं खरोखर कारखान्यात असती, तर तिथं ऊस टाकायला जागा उरली नसती. पण लग्नं होत गेली. सुना यायच्या, महिन्याभरात त्यांना खरं काय ते कळायचं, चार दिवस रडायच्या आणि मग खुरपं घेऊन दुसऱ्याच्या शेतात भांगलणीला जायला लागायच्या. आपण पोरांचं भलं केलं, असं गावाला वाटायचं. त्या पोरींचं काय केलं, हे गावानं स्वतःला कधी विचारलं नाही.

प्रसेनजीत हा बौद्धवाड्यातल्या बायडाबाईचा एकुलता मुलगा. बाप बाबासो तो शाळेत असतानाच वारला. जमीन नाही. बायडाबाईनं भांगलणी करून त्याला आयटीआयचा टर्नर केला. हातात कला होती. गावातल्या कुणाचीही पाण्याची मोटर बिघडली की त्यालाच हाक जायची आणि काम झालं की चहा मिळायचा. चहावर त्याची बोळवण करण्यात गावाला काही वावगं वाटत नसे. ‘घरचाच पोरगा हाय की,’ असं म्हणायचे. आपल्या घरच्या पोरांना मात्र हेच लोक सणासुदीला कपडे घ्यायचे.

दोन हजार तीन सालच्या दिवाळीनंतर प्रसेनजीतनं कोणालाही न सांगता एक गोष्ट केली. कोल्हापुरातल्या एका कारखानदारानं आपल्या आईच्या नावानं ट्रस्ट काढला होता. हा ट्रस्ट दरवर्षी दोन मुलं निवडायचा. वर्षभर राहणं-जेवण देऊन कारखान्यात शिकवायचं आणि पुढं कायमची नोकरी द्यायची. अट एवढीच, की घरात जमीन नको आणि पगारदार माणूस नको. वयाची अट पंचविशीची होती, आणि प्रसेनजीतला पंचविसावं चालू होतं. मुलाखत चांगली झाली. ‘गडहिंग्लजचे गणपतराव गुरुजी तुमच्या गावी येऊन जातील,’ असं त्याला सांगितलं गेलं. ‘कधी येतील ते सांगणार नाही. आपण कोण, कशाला आलो, हेही ते गावात सांगणार नाहीत.’ पुढच्या वर्षी दार बंद होतं, म्हणजे हे एकच साल.

त्यानं आईलाही सांगितलं नाही. काय सांगणार? आपण किती गरीब आहोत हे बघायला माणूस यायचाय, असं? त्याला त्याची लाज वाटत होती.

गणपतराव आले मंगळवारी. त्या दिवशी प्रसेनजीत इचलकरंजीला गेला होता. तिथल्या एका माग-शेडमध्ये फिटर हवाय असं त्यानं ऐकलं होतं. गणपतराव साठीच्या पुढचे, निवृत्त शिक्षक, स्वच्छ पायजमा, हातात छत्री. एसटीतून उतरले ते सरळ समोरच्या गुंडूच्या पानपट्टीवर गेले.

“इथल्या बाबासोचा मुलगा प्रसेनजीत, तो कसा आहे हो?”

गुंडूनं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. “पावणं कुठलं?”

“गडहिंग्लजचा.”

गुंडूनं पुढं काही विचारलं नाही. मुलीचा विषय पाव्हण्यानं काढायचा असतो, आपण काढला तर मुलाकडचे हावरे दिसतात. त्यानं बाकड्यावरची धूळ झटकली आणि चहा सांगितला. मागं उभ्या असलेल्या बायकोला, बाळाबाईला, नुसती मान हलवून खूण केली. बाळाबाई मागच्या बोळातून बौद्धवाड्याकडं निघाली. पाव्हण्याला अर्धा तास अडकवायचं आणि तेवढ्यात घर सजवायचं, ही रीत आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती.

“पोरगा म्हंजे सोनं हाय,” गुंडू म्हणाला. “कारखान्यात हाय, परमनंट.”

“पगार?”

“चांगला हाय की. वर बोनस.”

“शेतीवाडी काही?”

“दीड एकर. बागायत. ऊसच लावत्यात.”

“व्यसन?”

“सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाय. माजं गिऱ्हाईकच न्हाय त्यो.” एवढं एकच वाक्य खरं होतं.

तेवढ्यात डेअरीत दूध घालून येणारे दोघं-तिघं थांबले आणि त्यांनी न विचारता भर घातली. एकानं घराला स्लॅब टाकायचं चाललंय म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, साहेब लोकांचं त्याच्याशिवाय पान हलत नाही. चोवीस वर्षांत गावानं प्रसेनजीतचं इतकं कौतुक कधी केलं नव्हतं.

इकडं बायडाबाई भांगलणीवरून नुकतीच आली होती. बाळाबाईनं तिला पाय धुवायला लावले, आपलं बरं लुगडं नेसवलं. मागोमाग मधल्या आळीतून खुर्च्या आल्या, टेबलफॅन आला, कपबश्या आल्या. कुणीतरी मोटरसायकल आणून दारात लावली. एरवी बौद्धवाड्यात पाणी प्यायला ज्यांच्या घशाला कोरड पडत नसे, त्यांच्या घरच्या वस्तू त्या दिवशी विनातक्रार तिथं पोचल्या. गाव वाईट आहे असं म्हणता येत नाही, ते यामुळंच. चांगलं आहे असंही म्हणवत नाही.

गणपतराव येऊन खुर्चीवर बसले. फॅन फिरत होता.

“मुलगा कुठंय?”

“डूटीवर गेलाय की,” बायडाबाई म्हणाली. बाळाबाईनं पढवलं होतं.

“तुम्ही कुठं कामाला जाता?”

“मी? छे वो! पोरगा जाऊच देत न्हाय. म्हनतो, आई, लई राबलीस, आता बस घरात.”

हे मात्र बाळाबाईनं पढवलेलं नव्हतं. ते तिचं तिलाच सुचलं, आणि बोलताना तिचे डोळे भरून आले. गणपतरावांनी ते पाहिलं. त्यांना ही बाई फार आवडली.

“म्हणजे अडचण अशी काही नाही तुम्हाला?”

“कसली अडचण, पावणं? समदं हाय. कुनाम्होरं हात पसरायची येळ न्हाय आली आमच्यावर.”

चहा घेऊन गणपतराव उठले. बायडाबाई त्यांच्या मागोमाग वाड्याच्या तोंडापर्यंत गेली.

रात्री प्रसेनजीत आला. इचलकरंजीची जागा आदल्या दिवशीच भरली होती. आई दारात उभी होती. खुर्च्या परत गेल्या होत्या, पण तिच्या अंगावर बाळाबाईचं लुगडं अजून होतं.

“पावणं आलतं!” ती म्हणाली. “तुला बघाय. गडहिंग्लजचं गनपतराव मास्तर म्हनं. लई सभ्य मानूस.”

मग तिनं सगळं सांगितलं. कोण काय बोललं, आपण काय बोललो, पाव्हण्यानं कसा सगळा चहा संपवला. प्रसेनजीत चपला न काढता ऐकत राहिला. त्याला आईचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली. इतकी खूश ती किती वर्षांत दिसली नव्हती.

“जाऊन भेटून ये त्यास्नी,” ती म्हणाली. “पोरगं स्वतःहून आलं तर बरं दिसतं.”

“उद्याच जातो,” तो म्हणाला.

सकाळी तो गुंडूकडं गेला आणि त्याला खरं काय ते सांगितलं. गुंडूच्या हातातलं पान तसंच राहिलं.

“आरं मर्दा, मग आदी सांगायचं न्हाईस व्हय?”

“काय सांगू, मामा? माझी गरिबी तपासायला मानूस येनार हाय, असं गावभर सांगत फिरू?”

गुंडूनं पानपट्टीला कुलूप लावलं. “चल,” म्हणाला. “मीच बोललोय, मीच निस्तरतो.”

गणपतरावांचं घर सापडायला वेळ लागला नाही. त्यांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं. गुंडू उभाच राहिला आणि हात जोडून म्हणाला, “गुरुजी, मी काल खोटं बोललो. ह्याला नोकरी न्हाय. गुंठाभर जमीन न्हाय. त्या खुर्च्या पाटलाच्या व्हत्या. फॅन सोसायटीच्या सेक्रेटरीचा. आमाला वाटलं तुमी पोरगी द्यायला आलाय.”

गणपतरावांनी त्यालाही हाताला धरून बसवलं.

“बारा गावांत फिरलो या कामासाठी,” ते म्हणाले. “पंखे लपवलेले बघितले. म्हैस शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधून ठेवलेली बघितली. धडधाकट म्हातारीला वाकळेत निजवून कण्हायला लावलेलं बघितलं. खोटी गरिबी मला लगेच ओळखू येते. पण खोटी सुबत्ता कुणी दाखवेल, असं डोक्यातच आलं नाही. कशाला दाखवेल कोण?”

“चुकलं, गुरुजी,” गुंडू म्हणाला.

“तुझ्या आईचं मला खरं वाटलं,” गणपतराव प्रसेनजीतला म्हणाले. “अजून वाटतंय.”

त्यांनी चप्पल घातली आणि दोघांना घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. काचेच्या दाराआड ते बोलत होते. आधी हातवारे करून, मग नुसती मान हलवत. बाहेर आले तेव्हा त्यांना प्रसेनजीतकडं बघवेना.

“काल संध्याकाळीच मी कळवलं होतं, की तुला गरज नाही म्हणून. त्यांनी लगेच यादीतल्या पुढच्या मुलाला निरोप दिला. तो सकाळीच ट्रंक घेऊन हजर झालाय. त्याला आता उठवता येत नाही म्हणतात. त्याचंही घर तसंच आहे.”

“बरं,” प्रसेनजीत म्हणाला.

गणपतराव घुटमळले. “आणखी एक. मी आपल्याच समाजातला. काल घरी येऊन बहिणीला तुझ्याबद्दल बोललो. तिची मुलगी आहे लग्नाची. म्हटलं, असं घर, असा मुलगा... पण आता ते...”

“सांगू नका, सर. कळलं.”

एसटीत गुंडू सारखा स्वतःच्या मांडीवर हात मारत होता. प्रसेनजीत खिडकीबाहेर बघत होता. गाव जवळ आलं तसा तो म्हणाला, “मामा, हे कुनाला सांगायचं न्हाय. आईला तर मुळीच न्हाय.”

“आरं पर...”

“तिच्या बोलन्यानं माझी नोकरी गेली हे तिला कळलं, तर ती अन्न सोडंल. शपथ हाय तुमाला.”

बायडाबाई वाटच बघत होती. शेजारच्या बायकाही होत्या. “काय म्हनालं पावणं?”

“पोरगी हाय त्यांच्या बहिनीची,” प्रसेनजीत म्हणाला. “मला पसंत न्हाय. मी न्हाय म्हनून आलोय.”

बायडाबाईचा आवाज असा चढला की मधल्या आळीपर्यंत गेला.

“पसंत न्हाय? तुला पसंत न्हाय? एक रुपाया कमवत न्हाईस, बोटभर जमीन न्हाय, मी म्हातारी दुसऱ्याच्या बांधाला खुरपं घासून तुला खायला घालती, हातापायाची कातडी गेली माज्या, रातच्याला भाकरी हाय तर कोरड्यास न्हाय, आन तुला पोरगी पसंत न्हाय?”

गणपतराव आदल्या दिवशी जे ऐकायला आले होते, ते तिनं एका दमात सगळं सांगितलं. प्रसेनजीत खाली मान घालून ऐकत राहिला. तिचा राग त्याच्यावर राहावा, तिच्या स्वतःवर जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते त्याला मिळालं.

गावाला हे सहन झालं नाही. आपण खुर्च्या नेल्या, फॅन नेला, तोंड दुखेस्तोवर कौतुक केलं, आणि हा नाही म्हणून येतो? दोन दिवसांत पारावर, डेअरीत, पिठाच्या गिरणीत एकच विषय झाला. घरात खायला नाही, हाताला काम नाही, आई मजुरीला जाते आणि पोराचे नखरे बघा. जो येईल त्याला गाव हे सांगत होतं, परक्या माणसालासुद्धा. त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

“तू गेलतास की संगं,” एकानं गुंडूला विचारलं. “कशी व्हती पोरगी?”

गुंडू पानाला चुना लावत होता. “चांगली व्हती,” तो म्हणाला.