डाव्या फेरीचा चरक

ज्ञानू लोहाराचा घण डोक्यावर गेला होता, नेमका तेव्हाच शमशुद्दीन शिकलगार चरकावर चढून बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, एक गुडघा दुखरा. विजारीला गंज पुसत कसाबसा वर गेला आणि उसाच्या त्या लोखंडी घाण्याच्या माथ्यावर त्याने फतकल मारली. ज्ञानूने घण कडेला टाकला आणि त्याला एक अस्सल कोल्हापुरी शिवी हासडली.

बांधाला मिरजेच्या मोडवाल्याची, भंगार विकत घेणाऱ्याची, गाडी उभी होती. साहेबाची लढाई तिकडे समुद्रापार चालली होती आणि इकडे वडणग्याच्या उकिरड्यावरच्या गंजक्या लोखंडाला भाव आला होता. अख्खा चरक गाडीत चढेना, म्हणून तो फोडायचा ठरला होता. मळ्याचे मालक सयाजी पाटील कमरेवर हात ठेवून उभे होते.

“शिकलगार, खाली उतरा.”

“उतरतो की. आधी माझं ऐका.”

शमशुद्दीनला सगळी पंचक्रोशी ओळखत होती. त्याच्या आज्याने दरबारच्या तलवारी परजल्या होत्या. तलवारींचे दिवस गेले तसा नातू विळे, खुरपी आणि अडकित्ते परजत गावोगाव हिंडू लागला. एवढ्यावर थांबला असता तर बायकोला, खैरुनबीला, बरं वाटलं असतं. पण त्याला मोडक्या यंत्रांचं वेड होतं. विलायती नांगर, दाते पडलेली पाभर, कडबा कापायचं चाक, पाणी न उचलणारा पंप, कुणी टाकून दिलं की हा उचलून कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आपल्या परड्यात आणून ठेवायचा. अशी सतरा यंत्रं तिथे उभी होती आणि खैरुनबीला मिरच्या वाळत घालायला वीतभर जागा उरली नव्हती. तिचं म्हणणं, लोकांच्या दारात गाय असते, आमच्या दारात तिचा सांगाडा.

यंत्रांइतकाच जीव त्याचा यंत्रांच्या कागदांवर. मुंबईचे व्यापारी मालाची चित्रं छापलेली पत्रकं आणि किमतींच्या याद्या पाठवत. लोक त्यांनी चूल पेटवत, दुकानदार पुड्या बांधत. शमशुद्दीन विळा परजून द्यायचा आणि मजुरीऐवजी असला कागद मागायचा. मग तो कडुनिंबाच्या पाल्यात घालून पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. इंग्रजी त्याला ओ का ठो येत नव्हतं. चित्र मात्र तो असं बघायचा, की खिळा कुठे आणि चावी कुठे हे डोळे मिटून सांगावं.

पाटलांच्या चरकाचा कागद त्याला गेल्याच महिन्यात गुजरीच्या बाजारात एका वाण्याकडे सापडला होता. जिरं बांधायच्या आत त्याने तो सोडवला. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

हा चरक सयाजीरावांचे वडील, गुंडू पाटील, यांनी आणला होता. तेवीस वर्षांपूर्वी, महाराज गादीवर बसले त्या साली, मुंबईहून आगगाडीने. स्टेशनपासून वडणग्यापर्यंत वाजतगाजत. गावात तेव्हा सगळे लाकडी घाणे होते. पूजा झाली, बैल फिरले, आणि चौथ्याच उसाला चरक असा दाटला की आडवं लाकूड मोडून एक बैल गुडघ्यावर पडला तो पुन्हा उठलाच नाही. पुढे आठ दिवस खटपट झाली. रस निघाला तांब्याभर. गावाने हसून घेतलं. अजूनही वडणग्यात कुणी बिनकामाची वस्तू घरी आणली की लोक म्हणत, आणलं बघा गुंडू पाटलाचं लोखंड. गुंडू पाटील त्यानंतर सहा वर्षं जगले, पण मळ्याच्या त्या कोपऱ्याकडे फिरकले नाहीत.

सयाजीरावांना म्हणूनच चरक अख्खा विकायचा नव्हता, मोडायचा होता. शमशुद्दीनने तो तीनदा मागितला होता आणि तीनदा त्यांनी नाही म्हटलं होतं. शुक्रवार पेठेत उभा राहिला तर येणारा-जाणारा विचारणार हा कुणाचा, आणि बापाचं नाव पुन्हा निघणार.

“ह्यो चालतोय पाटील,” शमशुद्दीन वरूनच म्हणाला. “चार दिस द्या. न्हाई चालला तर ज्ञानूचा घण मी हातात घेतो. आनि माझ्या परड्यातलं सतराच्या सतरा नग ह्या मिरजकर पावण्याच्या गाडीत घालतो. फुकट.”

मोडवाल्याने विडी विझवली. सतरा नग म्हणजे किती खंडी लोखंड याचा हिशेब त्याच्या तोंडावर दिसत होता. मुक्कामाला माझी काही ना नाही, असं तो सयाजीरावांना अगदी लाघवीपणे म्हणाला. चालला तर बापावरचं हसू पुसेल आणि न चालला तर घण आहेच, असं सयाजीरावांच्या मनात आलं. मग त्यांनी ज्ञानूला घण घरी न्यायला सांगितला.

शमशुद्दीनने खैरुनबीला ही पैज सांगितली नाही. ती तिला दुसऱ्या दिवशी बाजारात कळली. ती रागावली नाही, हेच त्याला जड गेलं. सतरा यंत्रांकडे एकवार बघून तिने त्याच्या फडक्यात दोन भाकरी जास्त बांधल्या.

तीन दिवस तो चरकाला घासलेट आणि करडईचं तेल पाजत होता. ज्ञानूही शिव्या देत देत मदतीला आला. रूळ सुटले, दाते मोकळे झाले. रुळांच्या दोन फटी होत्या, एक सैल आणि एक घट्ट. ऊस आधी सैल फटीत जाऊन चेपावा आणि मग घट्ट फटीत पिळावा, हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही. पण ऊस घालायची पाटी बसवली होती घट्ट फटीच्या बाजूला. तिची भोकं ओबडधोबड होती, गावच्या सुताराने सामत्याने पाडल्यासारखी. शमशुद्दीनने पलीकडच्या बाजूची माती खरवडली. तिथे साच्यातच ओतलेली चार गोल, सुबक भोकं निघाली. त्याने पाटी काढून तिथे बसवली. ती अशी बसली की पाचर मारावी लागली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सगळं गाव मळ्यात लोटलं. चालला तर बघायला, आणि न चालला तर जास्तच बघायला. सयाजीरावांची आई, बाळाबाई, एरवी घराबाहेर पडायची नाही. तीही येऊन आंब्याखाली घोंगडीवर बसली. मोडवाल्याने गाडीचे बैल जुंपूनच ठेवले होते.

शमशुद्दीनने पाटलांची खोंडं आणली आणि आडव्या लाकडाला जुंपली. चरक बैलांच्या डाव्या हाताला आला. क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका म्हाताऱ्याने टोकलं आणि एकदम गलका झाला.

वडणग्यात, आणि वडणग्यातच कशाला, त्या सगळ्या नदीकाठाला घाणा उजवीकडूनच फिरायचा. देवाला प्रदक्षिणा घालावी तसा, घाणा उजव्या हाताला ठेवून. उलटी फेरी माणूस एकदाच घालतो, चितेला. हंगामाच्या तोंडावर, पूजा केलेल्या घाण्याला असली फेरी घालायची म्हणजे गावाने आपल्या हाताने आपल्या उसाला अग्नी द्यायचा. कुणी म्हणालं, शिकलगाराला आपल्या रीती काय ठाऊक. दुसऱ्याने त्याला गप्प केलं, पण बैल उलटे फिरवा असं त्यानेही म्हटलं.

सयाजीराव पुढे आले.

“शिकलगार, उजवीकडनं जुंपा.”

“उजवीकडनं फिरला की ऊस आधी घट्ट फटीत घालावा लागतोय, आनि दाटतोय पाटील. म्हणूनच दाटला तवा.” शमशुद्दीनने सदऱ्याच्या आतून कागद काढला. “ह्यात बघा. बैलाची तोंडं कुठं हायती बघा.”

सयाजीरावांनी कागद बघितला. चित्रात टोपीवाला साहेब ऊस घालत होता आणि बिनवशिंडाचे दोन बैल चरक डाव्या हाताला ठेवून चालले होते.

“साहेबाला कशाची प्रदक्षिणा,” ते म्हणाले. “उजवीकडनं जुंपा, न्हाईतर सोडा बैलं.”

उजवीकडून जुंपलं तर चरक दाटणार, सोडलं तर पैज हरणार. दोन्हीकडून शमशुद्दीनची सतरा यंत्रं मिरजेच्या गाडीतच जाणार होती. मोडवाला गाडीतली जागा साफ करायला लागलासुद्धा. शमशुद्दीनने एका खोंडाच्या गळ्यातलं जोत सोडायला हात घातला.

“थांब,” बाळाबाई म्हणाली. “कागुद हिकडं आण.”

त्याने कागद तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं. तिने बोटाने बैलांची शेपटं चाचपली, मग तोंडं चाचपली. कितीतरी वेळ ती ते बोट बैलांच्या मागून पुढे नेत राहिली.

“सयाजी,” ती म्हणाली, “तुझ्या बानं बैलं अशीच जुंपलीती.”

सयाजीराव कागदावर वाकले.

“असाच कागुद हुता त्यांच्याकडं. मी पूजंचं ताट घिऊन आले आनि बघितलं तर बैलं उलटी. मी ताट खाली ठेवंना. म्हटलं, आधी बैलं फिरवा. फिरवली त्यांनी. सुताराकडनं पाटीबी हलवली.” ती थांबली. “बैल पडला तवा म्हनलं, डावीकडनं एकदा बघू या का. मी दोन दिस तोंडात घास घातला न्हाई. मग गप बसलं ते. सारं गाव हसलं त्यांना. पर माझं नाव त्यांनी कुनाफुडं काढलं न्हाई.”

बाळाबाई हाताचा आधार घेत उठली. सयाजीराव धरायला गेले, तर तिने त्यांचा हात बाजूला केला आणि चालत चालत बैलांपाशी आली. तिने कासरा मागितला. शमशुद्दीनने दिला.

“घाणा म्हंजे देव न्हवं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “मी केला हुता त्याला देव. बस पाटीला, शिकलगार.”

तिने बैलांना हाकारा दिला आणि ती त्यांच्या मागून डाव्या फेरीने चालू लागली. चरक एकदा करकरला. शमशुद्दीनने पहिला ऊस लावला. तो सैल फटीतून चेपून आत गेला आणि घट्ट फटीतून पार सुकं चिपाड होऊन पलीकडे पडला. दुसरा गेला, चौथा गेला, दहावा गेला. मग तो दोन-दोन लावू लागला. पन्हाळीतून रसाची धार मनगटाएवढी झाली आणि पहिली घागर भरून वाहिली तेव्हा ज्ञानू लोहाराने आपलं पागोटंच वर उडवलं. मग काय विचारता. जे हसायला आले होते त्यांनीच घागरी आणायला पळापळ केली. उलट्या फेरीचं नाव काढणारा म्हातारा सर्वांत आधी तांब्या घेऊन पुढे आला आणि दोन तांबे रस प्यायला.

मोडवाल्याला सयाजीरावांनी स्वतः रस दिला आणि गाडी वळवायला सांगितली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. त्यांचा बाप खुळा नव्हता, हे आज अख्ख्या गावासमोर ठरलं होतं. मग ते शमशुद्दीनपाशी येऊन उकिडवे बसले.

“शिकलगार, तीनदा मागितलासा, दिला न्हाई. आज देतो. माझ्या गाडीतनं पोच करतो तुमच्या परड्यात.”

शमशुद्दीनचा हात उसावरच थांबला. अठरावा नग. याच्यासाठी तो महिनाभर झोपला नव्हता. त्याच्या परड्यातल्या एकाही यंत्राचा आवाज त्याने आजवर ऐकला नव्हता. त्यांची चित्रं त्याला पाठ होती, आवाज ठाऊक नव्हता. आणि इथे हा बोलत होता, तेवीस वर्षांचं साठलेलं सगळं.

“नको पाटील,” तो म्हणाला. “माझ्याकडं गप हुईल ह्यो.”

सयाजीरावांना वाटलं तो भिडेपोटी बोलतोय. ते आणखी आग्रह करणार होते, तेवढ्यात बैल फिरून आले आणि त्यांच्यामागून कासरा धरलेली बाळाबाई आली. ती घामाने भिजली होती आणि थांबायचं नाव काढत नव्हती.

“हात का थांबला रं,” ती जाता जाता म्हणाली. “ऊस घाल.”

शमशुद्दीनने तीन ऊस एकदम उचलले आणि पाटीत घातले.